मार बसण्याआधीचं कोपर

मला मारामारीचे सिनेमे आवडतात. असं म्हटलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग हसतात. हसा बापडे. साठी उलटलेल्या बाईने पोथीच वाचावी असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मला पडद्यावर काचा फुटलेल्या लागतात. गुंडाचं डोकं टेबलावर आपटलं पाहिजे आणि टेबलाचे दोन तुकडे झाले पाहिजेत. दुपारी टीव्हीवर ते दक्षिणेकडचे हिंदी आवाज चिकटवलेले सिनेमे लागतात ना, ज्यात नायक एका लाथेत जीप उलटी करतो, ते मी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बघते. नायक कमी पडला तर त्याला इथून शिव्या घालते.

आयुष्यभर मी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला काम केलं. कोण आला, कोण उशिरा आला, कोणाचा ओव्हरटाइम, हेच. सुपरवायझर लोक पोरांना आईबहिणीवरून बोलायचे आणि पोरं मान खाली घालून ऐकायची, आणि मी काचेच्या आत बसून ते बघायची. शुक्रवारी सुटले की थेट थिएटर गाठायचं. तिथे कोणी मान खाली घालून ऐकत नाही. तिथे जो शिवी देतो त्याचा जबडा पुढच्या रिळात निखळतो. मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! घरी येऊन शांत झोप लागायची.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हा हिंसाचार. अहो, हिंसाचार बघायचा तर घरगुती मालिका बघा. त्यात एक थोबाडीत असते, ती तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, मागे ढग गडगडतात, आणि ज्या सुनेला ती बसली ती दुसऱ्या दिवशी सासूच्या पायाला तेल चोळते. ते प्रेमाचे सिनेमे बघा. पोरगी नाही म्हणते, हा मागे जातो. ती परत नाही म्हणते, हा तिच्या कॉलेजच्या दारात हाताची नस कापून घेतो. मग ती रडत येऊन त्याला मिठी मारते आणि सगळं थिएटर हुंदके देतं. डोंबल तुमचं प्रेम. माझ्या सिनेमात निदान मारणारा कोण आणि मार खाणारा कोण हे लहान पोरालाही कळतं.

कादंबऱ्यांचं तर विचारूच नका. वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली होती, सगळे नावाजत होते. त्यात नवरा बायकोला रात्री पट्ट्याने फोडून काढतो आणि सकाळी ती त्याच्या अंघोळीचं पाणी तापवताना तिला काय वाटतं? त्याच्या एकटेपणाची कीव वाटते! मी ते पुस्तक असं भिरकावलं की कपाटामागची पाल खाली पडली. परत द्यायला गेले तेव्हा वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "अहो, याची शिवण निघाली आहे." मी म्हटलं, लेखकाची निघायला हवी होती.

पण माझ्या लाडक्या सिनेमांबद्दलही माझी एक तक्रार आहे, आणि ती मी वर्षानुवर्षं करत आलेय. आपल्या नटांना मारता छान येतं. मार खाता येत नाही. ठोसा येतो, मग मान वळते, मग हात गालावर जातो. सगळं नंतर. ज्याने खरा मार खाल्लाय त्याचा हात नंतर जात नाही, आधी जातो. मार नसला तरी जातो. हे मला कोणी शिकवलेलं नाही, मी ते घरात बघितलंय.

आम्ही मनमाडचे. वडील रेल्वेत, राहायला क्वार्टर. मी मोठी आणि माझ्यामागे एक भाऊ. वडिलांचा हात म्हणजे लोखंड होता, आणि हात दमला की पट्टा. मला कमी बसायचा, कारण मी चावायची. एकदा मनगटाला अशी चावले की त्यांना मलमपट्टी करून ड्युटीवर जावं लागलं. भाऊ चावायचा नाही. तो नुसता डावं कोपर तोंडासमोर धरायचा आणि भिंतीला लागून खाली बसायचा. मग पट्टा कोपरावर, कानावर, मानेवर, जिथे पडेल तिथे. एकदा पट्ट्याचं बक्कल कोपराच्या हाडावर बसलं, मांस बाजूला झालं आणि आतलं पांढरं दिसलं. आईने त्यात हळद दाबली. शेजारपाजारचे म्हणायचे, बाप आहे, मारणारच.

पुढे पुढे वडिलांनी नुसता हात हलवला तरी भावाचं कोपर वर जायचं. ते टॉवेल झटकायचे, ह्याचं कोपर वर. घड्याळाला चावी द्यायला हात उचलायचे, कोपर वर. एकदा ते खुंटीवरचा शर्ट काढत होते. मागे भाऊ पाटीवर अभ्यास करत बसलेला. हात वर गेला आणि ह्याचं कोपर वर गेलं. वडिलांनी ते बघितलं. "मी काय मारतो तुला? मारतो का मी? शेजारी बघतील तर काय म्हणतील?" असं म्हणत त्यांनी त्याला त्या कोपरासाठीच मारलं. ते आठवलं की आजही मेलेल्या बापाला चितेवरून ओढून काढावंसं वाटतं.

गंमत म्हणजे हाच बाप आम्हाला शनिवारी रेल्वेच्या मैदानावर पडद्यावरचा सिनेमा दाखवायला न्यायचा. भावाला खांद्यावर बसवायचा. नायकाने ठोसा मारला की हा शिट्टी वाजवायचा आणि भाऊ त्याच्या खांद्यावर डोळे मिटून बसायचा. मी मात्र डोळे फाडून बघायची. पडद्यावर ज्याला मार बसायचा त्या प्रत्येकाच्या तोंडाच्या जागी मी कोणाचं तोंड बसवायची हे वेगळं सांगायला नको. माझी आवड तिथे लागली, आणि मला तिची काडीची लाज वाटत नाही.

भाऊ मोठा झाला, नाशिकला सरकारी कचेरीत चिकटला, लग्न केलं, त्याला एक मुलगी झाली. त्या पोरीला त्याने कधी बोटही लावलं नाही. घरात टीव्हीवर मारामारी लागली की तो पाणी प्यायला उठायचा आणि ती संपेपर्यंत स्वयंपाकघरातच उभा राहायचा. पोरगी मात्र माझ्यावर गेली. शाळेत असल्यापासून माझ्याबरोबर शुक्रवारी सिनेमाला. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की पुढच्या रांगेतली माणसं दचकायची. भावजय कपाळावर हात मारायची, "वन्सं, हिला कोण करून घेईल?"

करून घेणारा आला. देवळ्याची माणसं, कांद्याचा व्यापार, घरचं सगळं चांगलं. मुलगा नाशिकलाच एका विमा कंपनीत होता आणि मोबाइलवर सिनेमांबद्दल, पुस्तकांबद्दल लिहायचा. हजारभर लोक वाचायचे म्हणे. आमच्याकडे एक खोड आहे, मुलगा बघायला आला की भाऊ पगार नंतर विचारतो, आधी विचारतो, "काय वाचता? काय बघता?" त्याला वाटतं, त्यावरून माणूस कळतो. मुलाने कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला हिंसा बघवत नाही. पडद्यावर कोणी कोणाला मारलं तरी मी मान फिरवतो."

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं. त्याच्यासाठी लग्न तिथेच ठरलं, पत्रिका वगैरे मागाहून.

मी आत जाऊन भावजयीला म्हटलं, "मला नाही आवडला."

"का हो?"

"मारामारी आवडत नाही त्याला. मग मेला बघतो तरी काय?"

ती इतकी हसली की पोह्यांवर खोबरं घालायचं विसरली. पुढे कितीतरी दिवस हा विनोद आमच्या नातेवाइकांत फिरत होता. मला तेव्हा काही आतून कळलं होतं, असा आव मी आणणार नाही. माझ्या सिनेमांना नावं ठेवली म्हणून मला राग आला होता, बस.

लग्न झालं. जावई मोबाइलवर लिहीत राहिले. मारधाडीचे सिनेमे समाजाला कसे बिघडवतात, पडद्यावरचं रक्त घराघरांत कसं पोचतं, असं बरंच काही. मी खाली लिहायची, "जावईबापू, घराघरांतलं रक्त आधीचं आहे, पडदा नंतर आला." ते उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र टाकायचे. "आत्या, तुम्ही लाडक्या आहात, पण..." त्या 'पण'पुढे मोठा परिच्छेद असायचा आणि लोक त्याला बदाम द्यायचे.

पोरीचं शुक्रवारचं येणं आधी कमी झालं, मग बंद. फोन केला की म्हणायची, "आत्या, ह्यांना ते सिनेमे आवडत नाहीत गं." मी म्हटलं, "अगं, त्याला नको येऊ दे, तू ये." ती नुसती हं म्हणायची. मी आले तर चालेल का, असं विचारलं तर म्हणायची की नको, ह्यांचं वाचन चाललंय.

मग एका दुपारी ती माझ्या दारात उभी. खांद्याला बॅग, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. मी म्हटलं, ये, ये, उन्हाची कशी आलीस? ती नुसती आत येऊन बसली. मी तिच्या डाव्या बाजूला बसून परत विचारलं, तर तिने सगळी मानच माझ्याकडे वळवली आणि उजवा कान पुढे केला. ओढणी मीच सोडली. केसांत सुकलेलं रक्त होतं आणि कानाखालून गळ्यापर्यंत पाच बोटांचा जांभळा पंजा.

त्याच दुपारी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, आतला पडदा फाटलाय. कशाने, हे त्यांनी विचारलं नाही. गळ्यावर दिसतच होतं.

घरी आल्यावर तिने सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. शनिवारी ऑफिसातून आली, स्वयंपाक केला, भांडी घासली, मग ह्यांनी सिनेमा लावला. परदेशातला कुठला तरी, संथ. एक मुलगा आणि त्याची मरायला टेकलेली आई. ती बघता बघता सोफ्यावर झोपली. जाग आली तेव्हा सिनेमा थांबवलेला होता आणि नवरा तिच्यासमोर उभा राहून रडत होता. खरंच रडत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. "झोपलीस? तिकडे त्याची आई मरतेय आणि तू झोपलीस? तुला काही संवेदनाच नाही का गं?" आणि मारली. ती सोफ्यावरून खाली पडली. त्याने तिला केसांना धरून उठवलं, नीट ताठ बसवलं आणि सिनेमा पुढे चालू केला. "बघ आता. शेवट फार सुंदर आहे."

तिने शेवट बघितला. कानातून रक्त येऊन खांद्यावर पडत होतं आणि ती पडद्याकडे बघत बसली, कारण मान हलवायची भीती वाटत होती. आधीही झालं होतं म्हणे. हात पिरगाळणं, भिंतीवर ढकलणं, दारात बोटं चेपणं. दर वेळी नंतर तो रडायचा आणि तिलाच त्याची समजूत काढावी लागायची. त्या सिनेमावर त्याने दुसऱ्या दिवशी लिहिलंसुद्धा. मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं.

मला त्याला मारायचं होतं. उगाच सभ्यपणा कशाला करू, मला त्याची गुडघ्याची वाटी फोडायची होती. लाटणं घ्यावं की वरवंटा, इथपर्यंत माझा विचार झाला होता. पोलिसात तर जायचंच होतं. पण भाऊ आणि भावजय आले, पोरीला बघितलं, भाऊ भिंतीला लागून खाली बसला, आणि भावजय म्हणाली, "आधी बैठक घेऊ. मग बघू पुढचं."

ही बैठक म्हणजे काय, तर मुलीच्या माहेरी दोन्हीकडची जाणती माणसं जमतात. पुरुष बाहेरच्या खोलीत बसतात, जिच्यावरून सगळं चाललंय ती आत चहा करते. चूक कोणाची ते ठरतं, ज्याची असेल तो कबूल करतो. शेवटी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवतात, व्याही व्याह्याला आलिंगन देतो आणि मुलगी त्याच पावली सासरी जाते. एकदा साखर खाल्ली की तो विषय पुन्हा काढायचा नाही, हा नियम. पोरगी म्हणाली, "पप्पा म्हणतील तसं." तिच्यात काही जीवच उरला नव्हता. जावं की राहावं हे ती स्वतःशीही बोलत नसावी. भावाकडे नेलेली भरलेली बॅगही तशीच कोपऱ्यात होती.

रविवारी सकाळी भावाकडे बैठक बसली. देवळ्याहून जावयाचे वडील आणि मामा आले. बोलणारे मामाच, टोपी घातलेले, वयस्क, तसे मनाने वाईट नाहीत. जावई पांढरा सदरा घालून आले होते. बायका बाहेर बसत नाहीत. मी बसले.

जावई बोलले आणि काय बोलले! "त्या क्षणी मी मलाच ओळखू शकलो नाही," म्हणाले. "तिच्या जखमेपेक्षा माझी जखम मोठी आहे," म्हणाले. रडले. रुमाल भिजला. दारात उभी असलेली भावजय पदराने डोळे पुसायला लागली. माझ्या मनात आलं, हा आमच्या कुठल्याही नटापेक्षा चांगला आहे, याला कोणीतरी घ्या रे मालिकेत.

मामांनी विचारलं, "पण झालं कशावरनं?"

"एका सिनेमावरून," जावई म्हणाले.

मामा एकदम हसत सुटले. "सिनेमावरनं? आरे देवा! आमच्याकडं बांधावरनं डोकी फुटत्यात, ते समजतं. सिनेमावरनं कोणी संसार मोडतं का? लय शिकले बाबा तुम्ही." जावयाचे वडीलही हसले. भावाच्या चेहऱ्यावरसुद्धा ओशाळवाणं हसू आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "तिचा कान फुटलाय, मामा! कान!"

"व्हईल बरा," ते शांतपणे म्हणाले. "तरणं रक्त हाय."

तेवढ्यात पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. वाकून एकेकापुढे धरत ती नवऱ्यापाशी पोचली. त्याने कप घ्यायला हात उचलला. तेवढंच. त्याच्या मनात काही नव्हतं, डोळ्यांत अजून पाणी होतं. पण तिचं डावं कोपर सटकन तोंडासमोर गेलं, खांदा भिंतीकडे वळला आणि ट्रे सुटला. कप फुटले. उकळता चहा माझ्या पायावर आला. ती मात्र तशीच उभी, कोपराआड डोळे मिटून, खोलीभर माणसं असताना.

मी भावाकडे बघितलं. तो त्या कोपराकडे बघत होता.

मग तो उठला. साठीकडे झुकलेला माझा भाऊ, ज्याने आयुष्यात झुरळ मारलं नसेल, त्याने जावयाच्या तोंडावर ठोसा मारला. सिनेमात येतो तसला आवाज बिवाज काही आला नाही. परातीत कणकेचा गोळा आपटावा तेवढाच. जावई टीव्हीच्या स्टँडवर आदळले, ओठ दातांत चिरला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताची धार लागली. भाऊ स्वतःच "आई गं" म्हणून ओरडला, कारण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की पाय भाजलाय हेही विसरले. दोन बोटं तोंडापर्यंत गेली होती माझी. साठ वर्षं मी याची वाट बघत होते.

सिनेमा असता तर इथे संपला असता. माणसं उठून पार्किंगकडे गेली असती. पण घरात कोणी दिवे लावत नाही आणि घरी जा म्हणून सांगत नाही.

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "बसा," म्हणाले. "बसा समदे. झालं ते बरंच झालं. त्याचा हात उठला, आता तुमचा बी उठला. फिट्टंफाट! आता कोणाचं कोणाकडं काय राहिलं नाय. साखर आणा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. पण जावयाचे वडील मान हलवत होते. आणि माझा भाऊ, ती वाकडी बोटं दुसऱ्या हाताने धरून, हात जोडत होता. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मी कधीच कोणावर... मला माफ करा." ज्याने त्याच्या पोरीचा कान फोडला त्याची तो माफी मागत होता! जावयांनी रुमाल ओठाला लावला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "मी पप्पांना माफ केलं."

"माफ? तू?" मी किंचाळले. "थांब, तुझं दुसरं थोबाड मी रंगवते!"

"बाई, तुम्ही मधी बोलू नका," मामा म्हणाले. "मिटत आलंय, मिटू द्या."

आणि खरंच मिटत आलं होतं. त्या एका ठोशाने त्यांना तडजोड आयती मिळाली होती. भावजय खाली मान घालून म्हणाली, "जा गं, साखर आण." पोरीने काचा गोळा केल्या, आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली. कोपऱ्यातल्या बॅगेकडे तिने एकदा बघितलं. मला कळलं की ही चालली. मला रडू फुटलं, रागाचं.

मामांनी डब्यात हात घातला, चिमूटभर साखर घेतली आणि भावाकडे वळले. "या, व्याही." आलिंगन द्यायला त्यांनी दुसरा हात वर केला.

भावाचं डावं कोपर वर गेलं. तोंडासमोर, तसंच, त्याच उंचीवर. पाठ भिंतीला लागली. बापाला जाऊन किती वर्षं झाली, डोक्यावर एक केस काळा नाही, आणि कोपर वर.

मामा गोंधळले. "आहो, गळाभेट घेतोय." भावाने हसायचा प्रयत्न केला. कोपर काही खाली येईना.

पोरगी बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, मीही नाही. तिने वडिलांच्या कोपरावरचा तो जुना पांढरा वण बघितला, तो तिने हजारदा बघितलेला होता.

"पप्पा, तुम्हाला कोण मारायचं?"

मी म्हटलं, "आमचा बाप."

"कधीपर्यंत?"

"हा नोकरीला लागेपर्यंत."

तिचा चांगला कान वडिलांकडे होता. "मग हे जात नाही का, पप्पा?"

भावाने स्वतःच्या कोपराकडे बघितलं. दुखऱ्या हाताने ते धरलं आणि खाली आणलं. "नाही," तो म्हणाला.

पोरीने साखरेच्या डब्याला झाकण लावलं. दाबून लावलं. डबा आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "आत ठेव. मी जाणार नाही." जावई काहीतरी बोलायला लागले, फार हळू, फार सुंदर. तिने त्यांच्याकडे फुटलेला डावा कान केला.

मामा चिमटीत साखर धरून तसेच उभे होते. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी ते ती चिमूट घेऊनच जिना उतरले, मागोमाग बाकीचे.

मग पोरीने फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधला आणि वडिलांसमोर जमिनीवर बसली. त्यांची बोटं टम्म सुजली होती. बर्फ लावायच्या आधी तिने आपला हात समोर धरला, त्यांना नीट दिसेल असा, आणि मग हळूच टेकवला.